थांबलेला प्रत्येक चार्जर बिघडलेला नसतो

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

विजेवर चालणारी स्कूटर रात्रभर चार्जिंगला लावून ठेवू नये, कारण ती 'ओव्हरचार्ज' होऊन पेट घेते, अशा आशयाचे एका वाचकांचे पत्र आपण गेल्या आठवड्यात छापले. त्यांची काळजी रास्त आहे, पण ज्या गोष्टीवर त्यांनी दोष ठेवला ती बहुतेक वेळा निर्दोष असते असे मला वाटते. लिथियम बॅटरी भरली की चार्जिंग बंद करण्याची सोय साध्या मोबाइलमध्येही असते, आणि धडधाकट चार्जर व धडधाकट बॅटरी असेल तर तीन तास काय नि सात तास काय, फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो बॅटरी चार्जिंगला लावताना किती तापलेली आहे आणि चार्जिंग चालू असताना किती तापते याने, आणि नेमका हाच आकडा गाडीच्या मालकाला कोणी सांगत नाही. या पत्राचा विषय तेवढाच आहे.

मी एकतीस वर्षे विदर्भातल्या अतिउच्चदाब उपकेंद्रांत तंत्रज्ञ म्हणून काम केले आणि त्यातली निम्मी वर्षे बॅटरी रूम माझ्याकडे होती. उपकेंद्राचा बाहेरचा पुरवठा गेला तरी ब्रेकर ट्रिप झाला पाहिजे, म्हणजे बिघाड होताच वीज तोडणाऱ्या स्विचने आपले काम केले पाहिजे, म्हणून तिथे ११० व्होल्टची, ५५ सेलची बॅटरी कायम भरलेली ठेवावी लागते. ही बॅटरी शिसे आणि आम्लाची, आजच्या स्कूटरमधल्या बॅटरीशी तिचे रसायन जुळत नाही, पण शिस्त जुळते. रोज सकाळी आत गेले की आधी एक्झॉस्ट फॅन सुरू करायचा, खाण्याच्या सोड्याच्या पाण्याची बादली जागेवर आहे ना ते पाहायचे, आणि मग सगळ्या बॅटरीचा नमुना म्हणून निवडलेल्या, ज्याला आम्ही पायलट सेल म्हणत असू त्या सेलचे झाकण काढून आत काचेचा थर्मामीटर सोडायचा. तोपर्यंत आम्लाची घनता, म्हणजे ग्रॅव्हिटी मोजणारा हायड्रोमीटर हातात घ्यायचा नाही, असा माझ्या पहिल्या साहेबांचा दंडक होता. कारण ग्रॅव्हिटीचा आकडा २७ अंशांसाठी असतो. आम्ल १० अंशांनी तापले की तो सुमारे ०.००७ ने खाली दिसतो, आणि तापमान न पाहता केवळ ग्रॅव्हिटी वाचणारा माणूस भरलेल्या बॅटरीला उपाशी समजून तिला आणखी चार्ज करत बसतो. चार्जरच्या दाबाचेही, म्हणजे व्होल्टेजचेही, तसेच होते. सेलमागे सव्वादोन व्होल्ट हा हिशेब सौम्य हवामानाचा. आम्ल ४२ अंशांवर गेले की २७ च्या वरच्या दर अंशामागे दर सेलला सुमारे ३ मिलिव्होल्ट कमी करावे लागत, म्हणजे ५५ सेलच्या बॅटरीवर अडीच व्होल्ट. हे कमी केले नाही तर तापलेली बॅटरी जास्त प्रवाह ओढते, जास्त प्रवाहाने आणखी तापते, आणि तापली म्हणून आणखी ओढते. पाणी उडते, प्लेटा वाकतात, आणि मग एखाद्या सकाळी सेल गेलेला असतो.

एका मे महिन्यात बूस्ट चार्जिंग, म्हणजे वाढीव दाबाने जलद चार्जिंग, चालू असताना एक्झॉस्ट फॅन जळाला. पायलट सेलमधला पारा ४७ वर आला होता, आणि ५० ला चार्जिंग थांबवायचे असा नियम तिथल्या भिंतीवरच लिहिलेला होता. साहेबांनी ५० ची वाट पाहिली नाही. प्रवाह निम्मा केला, दारे उघडली आणि संध्याकाळी संपायचे काम दुसऱ्या दिवशी दुपारी संपवले. उशीर का झाला, असे विचारायला कोणी आले नाही, कारण तासातासाचा आकडा दाराजवळच्या खिळ्याला टांगलेल्या रजिस्टरमध्ये होता आणि तो कोणालाही वाचता येत होता.

आता गेल्या मेमधली गोष्ट. माझा पुतण्या घरपोच सामान पोचवण्याचे काम करतो आणि त्यासाठी त्याने हप्त्यावर विजेची स्कूटर घेतली आहे. सकाळभर फिरून तो दुपारी दीडला जेवायला येई, टिनाच्या शेडखाली गाडी लावी, पिन खुपसून मगच हातपाय धुवायला जाई, म्हणजे जेवण होईपर्यंत तासाभराचे चार्जिंग पदरात पडावे. हिवाळ्यात हे बिनबोभाट चालले. मेमध्ये मात्र चार्जरचा दिवा लुकलुकू लागला आणि चार्जिंग काही सुरू होईना. संध्याकाळी लावले की सुरू, दुपारी लावले की नाही. त्याने चौकातल्या दुकानदाराला दाखवले. दुकानदार म्हणाला, "भाऊ, चार्जर गेला तुमचा," आणि त्याने कंपनीच्या निम्म्या किमतीत दुसरा दिला. हा नवा चार्जर दुपारीसुद्धा लावल्या क्षणी सुरू होई. पुतण्या खूश झाला, आणि खरे सांगायचे तर घरातले सगळेच खूश झाले, मीसुद्धा.

माझा कान टवकारला तो दोन्ही चार्जरच्या पिना शेजारी शेजारी पाहिल्यावर. जुन्या पिनेत दोन जाड टोकांखेरीज बारीक टोकेही होती; नव्या पिनेत जाड टोके जोडलेली आणि बारीकांच्या जागी नुसते प्लास्टिक. त्या बारीक तारांवरून बॅटरी आणि चार्जर एकमेकांशी बोलतात. पॅकमध्ये, म्हणजे स्कूटरच्या बॅटरीच्या पेटीत, सेलांना चिकटवलेले मुगाच्या दाण्याएवढे, तापमान मोजणारे थर्मिस्टर असतात, त्यांचा निरोप पॅकमधल्या नियंत्रकाकडे, म्हणजे बीएमएसकडे जातो, आणि तो चार्जरला सांगतो की आत्ता पूर्ण प्रवाह दे, किंवा निम्मा दे, किंवा थांब. लिथियम सेल बनवणारे बहुतेक जण चार्जिंगसाठी ० ते ४५ अंश ही मर्यादा देतात. गाडी चालवताना ६० पर्यंत चालते, पण भरताना नाही. जुना चार्जर बिघडला नव्हता, तो बॅटरीचे ऐकून नकार देत होता. नवा बहिरा होता, म्हणून तो आम्हाला गुणी वाटला. अशा बहिऱ्या चार्जरसमोरही बीएमएस शेवटची कडी म्हणून सर्किट तोडू शकतो, पण ते अगदी टोकाला गेल्यावर. मधल्या टप्प्यात प्रवाह हळूहळू कमी करण्याची जी सोय होती ती गेलेली असते.

त्या दुपारी पॅक किती तापला आहे हे पाहावे म्हणून करोनाकाळात घेतलेला, कपाळासमोर धरायचा थर्मामीटर मी पॅकच्या आवरणासमोर धरला. त्याने 'हाय' एवढेच दाखवून हात टेकले. बिचाऱ्याचा जन्म माणसाच्या तापासाठी झालेला. मग ट्रंकेतला बॅटरी रूमचा काचेचा थर्मामीटर काढला, आवरणाला चिकटपट्टीने लावला आणि वर कापसाचा बोळा ठेवला. दहा मिनिटांत पारा ४९ वर. हे बाहेरचे तापमान. आतले सेल याहून तापलेले असणार हे उघड होते. ज्या नागपुरात २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंशांची नोंद झाली आहे, तिथे टिनाखाली उभ्या असलेल्या, नुकत्याच तीस किलोमीटर धावून आलेल्या गाडीबद्दल यात नवल काहीच नाही.

चार्जिंगने यात किती भर पडते, याचा ढोबळ हिशेब घरीही करता येतो. प्रत्येक बॅटरीला अंतर्गत रोध असतो आणि त्यातून निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह तिप्पट केला की उष्णता नऊपट होते, आणि 'फास्ट चार्जिंग' या शब्दाची ही दुसरी बाजू आहे. २५ किलो वजनाच्या पॅकमध्ये ४० वॅट उष्णता तयार होत आहे आणि तिला बाहेर पडायला वाट नाही असे धरले, तर पॅक तासाला ५ ते ६ अंशांनी तापतो. एरवी ही उष्णता आवरणातून हवेत जाते. पण हवाच ४४ अंशांची आणि वर तापलेले टिन असेल तर ती जाणार कुठे? मोटारी आणि बसगाड्यांत बॅटरीभोवती द्रव खेळवून ती थंड ठेवण्याची सोय बहुधा असते. आपल्याकडच्या बहुतेक दुचाकींत आवरणाला लागणारी हवा हेच काय ते शीतक. शेजारच्या एका गृहस्थांनी माठाला गुंडाळावे तसे स्कूटरवर ओले गोणपाट टाकून चार्जिंग सुरू केले होते. कल्पना वऱ्हाडी आहे आणि हेतूही चांगला, पण पिनेच्या तोंडाशी पाणी झिरपण्याची जोखीम पत्करून मिळणारा तो गारवा घेऊ नये, असे मी त्यांना सांगून आलो.

तापलेल्या सेलमध्ये होते काय, तेही थोडक्यात सांगतो. सेलमधल्या कार्बनच्या बाजूवर एक अतिपातळ थर असतो, तोच त्या सेलचे रक्षण करतो. उष्णतेत हा थर वाढत जातो आणि कामाचे लिथियम त्यात अडकून पडते, त्यामुळे गाडी पूर्वीइतकी धावत नाही. सेलमध्ये वायू धरून तो फुगतो ते वेगळेच. बॅटरी शंभर टक्के भरून उन्हात ठेवली तर हे आणखी लवकर होते. हे सगळे हळूहळू होणारे नुकसान. पण एखादा सेल मुळातच सदोष असेल, किंवा कुठे मार लागून आत शॉर्ट झाला असेल, तर तापमान शंभरीच्या आसपास जाताच तो थर विघटन पावून स्वतःच उष्णता देऊ लागतो, १३० अंशांच्या सुमारास दोन बाजूंमधला प्लास्टिकचा पडदा वितळतो, आणि पुढे शेजारचे सेल एकामागून एक पेटत जातात. त्या घटकेला प्लग काढून काही उपयोग नसतो. थंडीचाही त्रास असतो. शून्याखाली चार्ज केले तर धातुरूप लिथियम कार्बनवर साचते, म्हणून थंड देशांतल्या मोटारी आधी बॅटरी गरम करतात आणि मग भरतात. आपल्याकडे त्याची चिंता नाही.

सप्टेंबर २०२२ मध्ये वसईत, घरात चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या बॅटरीचा पहाटे स्फोट झाला आणि सात वर्षांच्या मुलाचा जीव गेला. त्या वर्षीच्या आगींनंतर केंद्र सरकारने बॅटरीच्या सुरक्षिततेचे 'एआयएस-१५६' हे मानक कडक केले. त्याचा पहिला टप्पा १ डिसेंबर २०२२ ला आणि दुसरा ३१ मार्च २०२३ ला लागू झाला. एक सेल पेटला तर आग पसरण्याआधी गाडीतल्यांना इशारा मिळावा, पॅकमधला दाब बाहेर पडायला वाट असावी, चार्जरमध्ये चार्जिंग आपोआप तोडण्याची सोय असावी, अशा तरतुदी त्यात आल्या आणि त्या चांगल्याच आहेत. पण हे मानक गाडी कंपनीतून निघताना तपासले जाते. चौकातल्या दुकानातून पुढे कोणता चार्जर घरी येतो, किंवा जुन्या पॅकमधले सेल बदलून कोण देतो, तिथे ते पोचत नाही. शिवाय २५० वॅटपेक्षा जास्त शक्ती नसलेल्या आणि ताशी २५ किलोमीटरच्या आत धावणाऱ्या गाड्यांना नोंदणीच लागत नाही, आणि नेमक्या त्याच स्वस्त गाड्या शाळकरी मुलांच्या हाती आणि जिन्याखालच्या जागेत असतात. जिन्याखाली चार्जिंग करू नये ही गोष्ट तापमानाची नाही, पळवाटेची आहे. घरातून बाहेर पडण्याच्या एकमेव वाटेवर बॅटरी नको.

आता मूळ गाऱ्हाण्याकडे येतो. तो बहिरा चार्जर दीड महिना वापरल्यावर पुतण्याच्या गाडीचा पल्ला पूर्वीपेक्षा पंधरा-सोळा किलोमीटरने घटला. दोष सगळाच चार्जरचा होता असे मी म्हणणार नाही, उन्हाळ्याचाही असेल. आम्ही गाडी अधिकृत सेवा केंद्रात नेली. तिथल्या तरुणाने गाडीला लॅपटॉप जोडला आणि पाचव्या मिनिटाला पडदा आमच्याकडे वळवला: अमुक तारखेला, दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी, चार्जिंग चालू असताना पॅकचे तापमान ५८ अंश. अशा बावीस नोंदी होत्या. चार्जर बाहेरचा आणि तापमान मर्यादेबाहेर, म्हणून वॉरंटी नाकारली. नियमाप्रमाणे ते बरोबरच असेल. मला मात्र त्या पडद्यासमोर बसून आमचे खिळ्याला टांगलेले रजिस्टर आठवले. बॅटरी मिनिटामिनिटाला स्वतःचा ताप मोजत होती, लिहून ठेवत होती, आणि ज्याचे हप्ते चालू आहेत त्याला तो आकडा एकदाही दिसला नाही. त्याच्या पडद्यावर किती टक्के, किती किलोमीटर आणि गाण्याचे नाव एवढेच दिसते. तापमानाची नोंद उघडली गेली ती वॉरंटी नाकारताना.

मालकाला आकडा दिसला की काय होते, याचे एक उदाहरण अमेरिकेत घडलेले आहे. निसान कंपनीच्या 'लीफ' या मोटारीत बॅटरी थंड ठेवायला द्रवाची सोय नव्हती, पण बॅटरीत किती क्षमता उरली आहे ते दाखवणाऱ्या बारा पट्ट्या चालकासमोर होत्या. ॲरिझोनातले फिनिक्स हे आपल्या नागपूरसारखेच भाजून काढणारे शहर. २०१२ च्या उन्हाळ्यात तिथल्या मालकांना त्या पट्ट्या एकेक करून मालवताना दिसल्या, त्यांनी एकमेकांचे आकडे जुळवले आणि तक्रार केली. पुढच्या वर्षी कंपनीने क्षमतेचीही वॉरंटी दिली: पाच वर्षे किंवा ६०,००० मैलांच्या आत बारांपैकी नऊपेक्षा कमी पट्ट्या उरल्या तर दुरुस्ती कंपनीकडे. पुढे उष्णता अधिक सोसणारी बॅटरीही आली. पट्ट्या दिसत नसत्या तर हे भांडण उभेच राहिले नसते.

आणखी एक विसंगती नोंदवतो. महावितरणने स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर सवलत देऊ केली आहे. सौर वीज दिवसा मुबलक असते, तेव्हा हे धोरण समजण्यासारखे आहे. पण ही वेळ नेमकी उन्हाची आहे, आणि एका चार्जिंगला तीन युनिट धरली तर वाचतात तीन रुपयांहूनही कमी. तीन रुपयांसाठी मे महिन्यात दुपारी दोनला पिन लावणाऱ्याला, त्याने काही हजारांची बॅटरी पणाला लावली आहे, हे कोणीतरी त्याच जाहिरातीत सांगायला हवे. सवलत घ्यायचीच असेल तर ती सकाळी नऊ ते अकरामध्ये घ्यावी.

माझे मागणे लहान आहे. गाडीत थर्मिस्टर आहेच, पडदा आहेच. त्या पडद्यावर बॅटरीचे तापमान अंशांत दाखवावे, आणि चार्जिंग थांबले तर 'एरर' आणि एक क्रमांक न दाखवता 'बॅटरी तापली आहे, थंड झाल्यावर चार्जिंग सुरू होईल' असे मराठीत लिहून यावे. यासाठी एकही नवा सुटा भाग लागत नाही. असे वाक्य पडद्यावर आले असते तर आम्ही दुकानदाराकडे गेलोच नसतो. परिवहन विभागाने नोंदणीच्या वेळी एवढी अट घालावी आणि बारीक तारा नसलेले पर्यायी चार्जर विकण्यावर निर्बंध आणावेत. दुपारी पोटासाठी फिरणाऱ्या मुलांना 'थंड होऊ द्या, मग लावा' हे सांगणे सोपे आहे, पण त्या तासाभराची मजुरी त्यांचीच बुडते. म्हणून महापालिकेच्या चार्जिंग केंद्रांवर निदान छप्पर टिनाचे नसावे आणि वर पंखा असावा, हेही लिहून ठेवतो.

तोवर आमच्या घरी जुनीच पद्धत चालू आहे. कंपनीचा चार्जर परत वापरात आला आहे, बहिरा चार्जर मी माळ्यावर टाकला आहे आणि काचेचा थर्मामीटर पॅकच्या आवरणाला कायमचा चिकटवला आहे. आवरणाचा पारा ४० च्या खाली असल्याशिवाय पिन लावायची नाही असे ठरले आहे, त्यामुळे मेमध्ये दुपारचे चार्जिंग बंदच असते. मी तसाही पहाटे चारला उठतो. घराबाहेरच्या उघड्या ओट्यावर गाडी उभी असते, पारा बहुधा ३१-३२ वर आलेला असतो. पिन मी लावतो, आकडा वहीत लिहितो आणि चहा ठेवतो. पुतण्या आठला निघतो तेव्हा गाडी भरलेली असते.

आपला,
एक निवृत्त उपकेंद्र तंत्रज्ञ, नागपूर